काकांचा मेंदू, तेवीस वेळा

आमच्या मेंदूच्या प्रयोगशाळेत काकांचं काम सोपं होतं. स्मरणशक्तीच्या चाचणीला आलेल्या माणसाला स्कॅनरच्या बोगद्यात झोपवायचं, नावाऐवजी त्याला क्रमांक द्यायचा आणि मेंदूची चित्रं त्या क्रमांकाखाली कम्प्युटरात ठेवायची. नाव कुणाला कळता कामा नये, या नियमावर काकांचा एवढा जीव, की जेवणाच्या डब्यावरही त्यांनी क्रमांकच टाकला होता.

पण लोक आयत्या वेळी दांडी मारत, आणि मशीन रिकामं राहिलेलं काकांना बघवत नसे. मग ते चष्मा काढून स्वतःच आत पडत. बाहेर आले की स्वतःला इमानेइतबारे नवा क्रमांक देत. हे अकरा वर्षं चाललं आणि आम्हा शहाण्यांपैकी एकालाही पत्ता लागला नाही.

मग आमच्या प्रमुख बाईंनी सगळी माहिती जगभरच्या संशोधकांना खुली केली. आठवड्याभरात परदेशातून पत्र आलं. तुमच्या साठ माणसांपैकी तेवीस जणांच्या मेंदूत डाव्या कानाच्या वर एकच घडी हुबेहूब दिसते, तुमच्याकडच्या पाण्यात काही आहे का?

बाईंनी पत्र मोठ्याने वाचलं. काकांचा हात आपोआप डाव्या कानावर गेला.

अकरा वर्षांचं काम मातीत जाणार होतं. बाई काकांना काय काय बोलल्या ते लिहीत नाही. काकांनी मात्र खणातून एक वही काढली. तेवीसही वेळांची नोंद त्यात होती: तारीख, झोप किती, चहा किती, घरी काय झालं. वाचता वाचता बाई खाली बसल्या. एकच मेंदू, अकरा वर्षं, तोही मूडसकट! अशी माहिती जगात कुणाकडेच नसणार. काकांचा वेगळा संच करून वहीसकट खुला करायचं ठरलं. फक्त वहीत पानोपानी काकू होत्या, तेव्हा काकूंची सही हवी होती. हे ऐकून काका पांढरेफटक पडले.

कारण मागच्याच महिन्यातलं पान असं होतं: ‘सकाळी हिच्याशी भांडण. मशीन ठणाणा करत होतं, तरी घरापेक्षा शांत वाटलं.’

काकू आल्या आणि दीड तास वही वाचत बसल्या. काका तेवढा वेळ एकच कपाट आवरत होते. शेवटी काकूंनी पेन आणि पट्टी मागितली, प्रत्येक पानावर उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘माझी बाजू’.

"लोकांना अर्धीच माहिती कशी द्यायची?" त्या म्हणाल्या.

मग त्या लिहीत सुटल्या. चहा दोन नव्हे, पाच. झोप आठ तास, वर घोरणं. आम्ही हसून हसून बेजार झालो. मागच्या महिन्याच्या पानावर त्यांनी लिहिलं, ‘भांडण नव्हतं. डॉक्टरांकडे सोबत चला, एवढंच मी म्हणत होते. एकटीला भीती वाटते. अजून गेले नाही.’ मग सही करून त्या घरी गेल्या.

काकांनी ते पान उभ्याउभ्याच वाचलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाचा माणूस आला नाही. काकाही आले नव्हते. मशीन दुपारपर्यंत रिकामं राहिलं, आणि बाई म्हणाल्या, राहू दे.