विहिरीच्या दगडातले रंग

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला तेव्हा बी.एस्सी. कॉम्प्युटरला माझे तीन विषय राहिले होते, आणि उरलेल्यांत मी जेमतेम काठावर पास होते. बारावीला मार्क चांगले होते. गावातल्या दोन मुली कॉम्प्युटर करून पुण्यात नोकरीला लागल्या होत्या, म्हणून मीही तेच घेतलेलं. आमचं गाव बिद्रीजवळ. घरी ऊस आणि म्हशी. कोल्हापुरात मी हॉस्टेलवर राहायचे. अभ्यास करत नव्हते असं नाही. प्रोग्रामच्या प्रोग्राम पाठ करायचे. पण पेपरात सरांनी प्रश्न जरा फिरवून विचारला की पाठ केलेलं सगळं फुकट जायचं, आणि मी पेन धरून नुसती बसून राहायचे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्गात जायला पाय उचलेना. माझी रूममेट जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होती. शाहूवाडीकडची. मी तिला ताई म्हणायचे. खोलीत एकटी रडत बसू नकोस म्हणाली आणि मला सोबत तिच्या डिपार्टमेंटला घेऊन गेली. तिचं प्रॅक्टिकल संपेपर्यंत मी व्हरांड्यात बसायचं आणि मग दोघींनी जेवायला जायचं, असं ठरलं.

व्हरांड्यात बाकाखाली, खिडकीत, जिन्यावर, सगळीकडे दगड मांडलेले होते. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर. मी ते बघत बसले होते, तेवढ्यात त्यांच्या मॅडम बाहेर आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज. मी ताईची वाट बघतेय म्हटल्यावर म्हणाल्या, मग आत बसून बघ, बाहेर कशाला?

त्यांनी मला एका मायक्रोस्कोपसमोर बसवलं. त्याखाली एक काचपट्टी होती, आणि तिच्यावर दगडाचा एक काप, इतका पातळ की त्यातून उजेड आरपार जात होता. आपल्याकडचाच काळा दगड आहे, मॅडम म्हणाल्या. घाटाच्या पायऱ्यांना, शेताच्या बांधाला, जुन्या घरांच्या जोत्याला जो असतो तो. मी डोळा लावला. फिकट, राखाडी, मळकट काचेसारखं काहीतरी दिसलं. तेवढ्यात मॅडमनी मायक्रोस्कोपच्या बाजूची, उजेड गाळणारी एक पट्टी आत सरकवली.

आणि तो राखाडीपणा गेला. पिवळा, जांभळा, मोरपंखी, संत्र्यासारखा नारिंगी, अशा रंगांचे तुकडे एकमेकांना चिकटून पसरले होते. त्यांच्या मधून लांबट काड्या गेलेल्या, आणि प्रत्येक काडीवर काळे-पांढरे पट्टे, कुणीतरी पट्टी धरून आखल्यासारखे. मॅडम म्हणाल्या, खालची गोल चकती फिरव. मी फिरवली तसा एक तुकडा विझला, शेजारचा उजळला, मग तोही विझला आणि पहिला पुन्हा पेटला. मी चकती फिरवत राहिले. मागे प्रॅक्टिकल चालू आहे, मुलं बोलताहेत, हे मला ऐकू येईनासं झालं. जन्मल्यापासून ज्या दगडावरून चालले, ज्यावर धुणं आपटलं, त्याच्या आत हे होतं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

ताईने खांद्याला हात लावला तेव्हा मेस बंद व्हायची वेळ झाली होती.

पुढचे काही दिवस मी डोळे मिटले की ते रंग दिसायचे. शेवटी मी मॅडमकडे गेले आणि म्हटलं, मला कॉम्प्युटर सोडून जिऑलॉजी घ्यायचंय. त्या खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी मार्क विचारले. मी होते तेवढे सांगितले.

"तिकडे मार्क पडत नाहीत म्हणून येत असशील, तर इकडेही पडणार नाहीत," त्या म्हणाल्या. "मायक्रोस्कोपमधनं बघायला सगळ्यांनाच आवडतं. स्फटिकांची गणितं आली की निम्मी मुलं मागं सरतात."

मग त्यांनी मला वाट घालून दिली. विषय बदललास तर पुन्हा पहिल्या वर्षापासून, म्हणजे वर्ष जाणार, हे आधी घरी सांग. राहिलेल्या विषयांना उन्हाळ्यात नेटाने बस. आणि तोवर दर शनिवारी इथे ये. तुझ्या घरचा एक दगड आण, त्याची काचपट्टी तुझ्या हाताने कर. जूनमध्ये बोलू.

घरी सांगितलं तेव्हा आईला पहिली काळजी पडली ती लोक काय म्हणतील याची. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फक्त एवढंच विचारलं, की दगडाचं शिकून माणूस पुढं करतं काय. पाणी कुठं लागेल ते सांगतात, धरणाच्या जागा बघतात, असं मी ताईकडून ऐकलेलं काहीबाही सांगितलं. आण्णा म्हशीला वैरण टाकायला उठून गेले. परत निघताना मी विहिरीच्या काठावरच्या ढिगातला एक दगड पिशवीत घातला. विहीर खोल करताना निघालेला तो ढीग वर्षानुवर्षं तिथेच पडून होता.

दगडाची चकती मशीनवर कापून मिळायची. ती काचेवर चिकटवायची आणि मग पावडर आणि पाणी टाकून हाताने घासत राहायचं, आरपार दिसेपर्यंत. पहिल्या खेपेला मी इतकी घासली की काच उचलून पाहिली तर तिच्यावर दगडच उरला नव्हता. मॅडम हसल्या आणि दुसरी चकती दिली. बोटांची टोकं सोलून निघाली. पण घासताना कंटाळा आला नाही, आणि हे माझं मलाच नवल वाटलं. शनिवार सोडून इतर दिवस मी प्रोग्राम समजून घ्यायला बसायचे. वर्गातल्या एका मैत्रिणीने खूप मदत केली. उन्हाळ्यात तीनपैकी दोन विषय सुटले. म्हणजे अगदी जमत नव्हतं असं नाही. यानेच मी जास्त घोळात पडले. आणखी जोर लावला तर डिग्री मिळेल, हे आता दिसत होतं. वर्ष फुकट घालवायचं कशाला, असं कधी वाटायचं. कधी वाटायचं, शनिवार नसता तर हे दोनही सुटले नसते.

जूनमध्ये आण्णा विहिरीवरच्या मोटारीचं सामान घ्यायला कोल्हापुरात शाहूपुरीत आले होते. फोन करून म्हणाले, येतो तुझ्याकडं. मी त्यांना हॉस्टेलवर न नेता सरळ डिपार्टमेंटला नेलं.

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. मी आमच्या विहिरीची काचपट्टी लावली. आण्णांना एक डोळा मिटता येईना, तेव्हा खांद्यावरचा टॉवेल त्यांनी हाताने त्या डोळ्यावर धरला आणि वाकले. मी पट्टी सरकवली.

मी चकती फिरवायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि स्वतः फिरवू लागले, अगदी हळू, तूप कढवताना पळी फिरवावी तसे. बराच वेळ गेला.

"ह्ये आपल्या हिरीतल्या दगडात हाय?" त्यांनी डोळा न काढता विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. मॅडमसमोर मी सहसा तसं बोलत नसे.

दगड किती जुना, हे त्यांनी मॅडमना विचारलं. साडेसहा कोटी वर्षं, मॅडम म्हणाल्या. जमिनीतून तापलेला रस बाहेर आला, पसरला आणि थंड होऊन असा गोठला. आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा वाकून पाहिलं. ती विहीर खणताना ते स्वतः आत उतरले होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघताना माझ्या अंगावर काटा आला. माझा बाप असा थक्क झालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

स्टँडवर सोडायला गेले तेव्हा ते आपणहून बोलले. "मी काय सांगणार न्हाय. तुझं तू ठरीव. मार्क पडतील, न्हाय पडतील. पर वरीस गेलं म्हणून मागनं रडायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन जिऑलॉजीला नाव घातलं.

माझ्याहून लहान पोरांच्या वर्गात बसायला सुरुवातीला लाज वाटली. स्फटिकांच्या विषयात मी खरोखरच काठावर निघाले. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. पण या वेळी पेपर कोरा सोडावासा वाटला नाही. कुठे अडलंय ते मला कळत होतं, आणि पुढच्या खेपेला त्यातला बराच भाग सुटला. बाकी विषयांत हळूहळू वर आले. आता एम.एस्सी. करते आहे. पहिल्या नंबरात मी कधीच नव्हते.

जिऑलॉजीच्या त्या पहिल्या हिवाळ्यात आमची सहल शाहूवाडीच्या डोंगरात गेली होती. रस्त्यासाठी कडा उभा कापला होता, त्याच्यासमोर मॅडमनी आम्हाला उभं केलं. काळ्या कातळाचा एक जाड थर, त्यावर विटेसारखी लाल माती बोटभर, आणि वर पुन्हा काळा कातळ. मॅडम म्हणाल्या, खालचा रस थंड झाला आणि वरचा यायला इतका उशीर झाला, की मधल्या काळात इथे माती तयार झाली. त्या मातीत काहीतरी उगवलंही असेल. कुणी वहीत लिहीत होतं, कुणी फोटो काढत होतं. मी पुढे होऊन त्या लाल रेघेवर तळहात ठेवला. उन्हाने ती कोमट झाली होती. बसचा हॉर्न वाजला, सगळे वळले, पण मला हात उचलवेना.