आईंनी फॉलो केलेली माणसं

माझ्या सासूबाईंचं बोलणं गेलं तेव्हा आम्हाला नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये येऊन फार काळ झाला नव्हता. अर्धांगवायूचा झटका सकाळी चहाच्या वेळी आला. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा, तोंड एका बाजूला ओढलेलं असायचं आणि त्यातून एक लांबलचक 'आं' तेवढा निघायचा. कळत मात्र सगळं होतं. डॉक्टर म्हणाले, समज शाबूत आहे, शब्द हरवलेत, ते मिळतील. किती मिळतील हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, उरणजवळच्या जासईच्या बाजूच्या. सगळं आयुष्य शेतात आणि मिठागरावर गेलेलं. पुढे बंदरासाठी जमिनी गेल्या, भाताच्या खाचरांच्या जागी कंटेनरच्या रांगा उभ्या राहिल्या, सासरे वारले, आणि आई मुलाकडे पनवेलला राहायला आल्या. मी पुण्याची. लग्नानंतर सुरुवातीला त्यांचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही, आणि माझं बोलणं त्यांना पुस्तकातून वाचून दाखवल्यासारखं वाटायचं. पण त्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. भाजीवाल्याशी, वॉचमनशी, गॅलरीतून खालच्या मजल्यावरच्या बाईंशी त्यांचं काही ना काही चालूच असायचं. हॉस्पिटलमधून त्या परत आल्यावर दोन दिवसांनी मला जाणवलं की आमच्या हॉलमधला पंखा चांगलाच आवाज करतो. तोवर तो कधी ऐकूच आला नव्हता.

जुन्या पनवेलमध्ये एक स्पीच थेरपिस्ट होती, माझ्याहून वयाने लहान. तिने आईंना ओठांचे, जिभेचे व्यायाम दिले आणि घरी करायला एक काम सांगितलं. माणसाचा चेहरा जवळून दिसतोय, तो नीट तोंड उघडून बोलतोय, असे छोटे व्हिडिओ त्यांना दाखवायचे. टीव्हीवरची माणसं बोलून पुढे निघून जातात, फोनवर तेच वाक्य हवं तितक्या वेळा लावता येतं. नट, नट्या, क्रिकेटर, कोणीही चालेल, म्हणाली. आम्ही दारापर्यंत गेलो तेव्हा तिने मला पुन्हा हाक मारली.

"ताई, त्यांच्या आवडीची माणसं शोधा हं. तुमच्या आवडीची नको."

नवऱ्याची बंदरातली नोकरी, शिफ्ट सारख्या बदलणाऱ्या. त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. मी ऑफिसातून काही महिने घरून काम करायची परवानगी घेतली होती. दुपारचं जेवण झालं की आईंना गॅलरीतल्या खुर्चीत बसवायचं, शेजारी स्टूल घेऊन आपण बसायचं आणि त्यांचा फोन उघडायचा. त्यांच्यासाठी मी नवं अकाउंट काढलं, कारण माझ्या अकाउंटवर साड्यांचे सेल आणि केकच्या रेसिपी फार. त्यांचा फोटो लावू का विचारलं तर त्यांनी डाव्या हाताने पदर तोंडावर ओढला. मग फोटोच्या जागी कुंडीतली अबोली लावली.

कोणाला फॉलो करायचं हे ठरवणं मला सोपं वाटलं होतं. आईंच्या रोजच्या मालिकेची नायिका मी सगळ्यात आधी शोधली. तिच्यावर घरी अन्याय होत असला की आईंना जेवण जायचं नाही, इतका जीव. फोनवर मात्र ती व्यायामाच्या कपड्यांत होती, केस मोकळे, आणि अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी भराभर बोलत होती. आईंनी तिच्याकडे एसटीत शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी बाईकडे बघावं तसं बघितलं आणि डाव्या हाताचं बोट हलवलं. नको.

मग एक मोठा नट. त्याचा आवाज छान, बोलणंही सावकाश, पण डोळ्यांवर काळा गॉगल. बोट हललं. एक जुना क्रिकेटर, ज्याच्या बॅटिंगसाठी सासरे म्हणे शेजाऱ्यांच्या घरी टीव्ही बघायला जायचे. मला वाटलं, निदान हा तरी. पण तो प्रत्येक व्हिडिओत हातात काहीतरी डबा धरून हिंदीत बोलत होता. आई डब्याकडे बघत बसल्या आणि मग पुन्हा नको. एका प्रसिद्ध शेफच्या व्हिडिओत नुसते हातच दिसायचे. एक बाई फार गोड बोलायची, पण इतकी सजलेली की आईंचं सगळं लक्ष तिच्या कानातल्यांवर.

मग मला एक ज्येष्ठ नट सापडला. त्यालाही झटका येऊन गेला होता आणि तो घरी बसून रोज थोडंथोडं बोलण्याचे व्हिडिओ टाकायचा. एकेक शब्द ओढून आणायचा. एका व्हिडिओत त्याने मुलीचं नाव घेतलं आणि स्वतःच इतका खूश झाला की माझे डोळे भरून आले. मला वाटलं, अख्ख्या फोनमध्ये आईंसाठी कोणी असेल तर हाच. मी त्याला फॉलो केलं आणि फोन त्यांच्या समोर धरला. त्यांनी थोडा वेळ पाहिलं, मग माझ्या हातून फोन घेऊन मांडीवर पालथा ठेवला आणि रस्त्याकडे बघत राहिल्या. दुपारभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मला वाईट वाटलं. इतकं शोधून आणलेलं माणूस. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आई बेसिनपाशी जाताना आरशाकडे मान वळवत नाही, तू बघितलं नाहीस का. मी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्या नटाला आईंच्या अकाउंटवरून काढलं. आजारी माणसाला दारातून परत पाठवल्यासारखं वाटलं, म्हणून माझ्या अकाउंटवर त्याला फॉलो केलं.

हळूहळू मला आईंचं कारण समजायला लागलं. ही मोठी माणसं एकाच वेळी हजारो लोकांशी बोलतात. त्यांचे डोळे फोनमधून आपल्या डोक्यावरून मागच्या गर्दीकडे बघत असतात. आईंना आपल्याशी बोलणारं कोणीतरी हवं होतं. एक म्हातारी अभिनेत्री तेवढी टिकली. ती आपल्या गच्चीतल्या झाडांना पाणी घालताना त्यांची चौकशी करायची, नवं पान आलं का ग बाई, असं. ती दिसली की आईंचे ओठ हलायचे, आवाज मात्र यायचा नाही.

एका दुपारी मी त्यांना खिचडी भरवली आणि ताट ठेवायला आत गेले. फोन त्यांच्या मांडीवरच होता. त्यांचा डावा अंगठा फिरला असणार, कारण मला स्वयंपाकघरात एकदम त्यांच्या बोलीतला आवाज ऐकू आला. एक पोरगा डोक्यावर पदर घेऊन स्वतःच्या आईची नक्कल करत होता. त्याला मी ओळखत होते. उरण-पनवेल पट्ट्यात त्याला ओळखत नाही असं कोणी नाही. हळदीच्या कार्यक्रमांच्या बॅनरवर तो, दुकानांच्या उद्घाटनाला तो, आणि तो येणार म्हटलं की रस्त्यावर पोरांची ही गर्दी. पण मी मोठी माणसं शोधायला बसले होते आणि माझ्या लेखी तो त्यांच्यात येत नव्हता.

नक्कल संपली. त्याने डोक्यावरचा पदर काढला, चेहरा अगदी जवळ आणला आणि सावकाश विचारलं,

"आये, जेवलीस का नाय?"

"नाय," आई म्हणाल्या.

मी ताट हातात घेऊन दारात उभी राहिले. आधी मला वाटलं, फोनमधलंच कोणीतरी बोललं. व्हिडिओ आपोआप पुन्हा सुरू झाला, पुन्हा तो पदर, पुन्हा ती नक्कल, आणि शेवटी तोच प्रश्न.

"नाय."

स्वच्छ, खणखणीत. त्यांच्या हनुवटीला खिचडीचं शीत चिकटलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं, आणि हसल्या. अर्ध्याच तोंडाने, पण पोटभर. झटक्यानंतरचा त्यांचा पहिला शब्द, आणि तोही सुनेच्या तोंडावर खोटं बोलण्यासाठी. मी तिथेच खाली बसले. हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

नवरा आल्यावर मी त्याला व्हिडिओ लावून दाखवला. आई ढिम्म. पुन्हा लावला, तरी ढिम्म, जणू आपला काही संबंधच नाही. तो माझी समजूत घालायला लागला, होतं असं, आपल्याला भास होतात, आणि तोंड धुवायला आत गेला. तेव्हा त्या म्हणाल्या, "नाय." तो तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आला आणि त्यांच्या खुर्चीपाशी उभा राहिला. डोळ्यांत साबण गेला म्हणून पाणी आलं, असं तो अजून सांगतो.

त्यानंतर तो पोरगा आमच्या गॅलरीत रोज येऊ लागला. तो विचारायचा, आई उत्तर द्यायच्या. मग होकाराचं 'हाय' आलं, 'पानी' आलं, 'गे पोरी' आलं. थेरपिस्टकडे तक्त्यावर 'नाही' लिहिलेलं असायचं, ते काही त्या म्हणायच्या नाहीत. शेवटी ती हसून म्हणाली, 'नाय' चालेल. घरी मीही त्यांच्याशी त्यांच्यासारखं बोलून बघायला लागले. माझं 'हाय' ऐकून त्या कपाळाला हात लावायच्या, पण तो उजवा हात आता चांगलाच वर जायचा.

वर्ष उलटलं तसा तो पोरगा खरंच मोठा झाला. टीव्हीवरच्या कार्यक्रमात दिसला. व्हिडिओत शेताच्या बांधाऐवजी चकचकीत स्टुडिओ आला, दात पांढरेशुभ्र झाले, भाषा माझ्यासारखी झाली. शेवटचा प्रश्न विचारायचा तो विसरला. आणि एक दिवस तो एका नव्या टॉवरची जाहिरात करताना दिसला, स्विमिंग पूल, जिम, एअरपोर्ट अगदी जवळ. मला राग आला. आईंपेक्षा मलाच जास्त. मी म्हटलं, आई, याला आता काढूया, हा आता तसा राहिला नाही. आणि मी बटणाकडे बोट नेलं.

त्यांनी माझं मनगट धरलं.

"र्‍हाव दे."

त्यांना अजून काही सांगायचं होतं. शब्द शोधताना त्या वर बघतात. आपण मध्येच शब्द पुरवायचा नाही, हे थेरपिस्टने मला शिकवलं होतं, म्हणून मी थांबले. खालून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. त्यांच्या गळ्याची शीर ताणली गेली.

"त्याला बी," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "पोट हाय."

एवढं मोठं वाक्य त्या तोवर बोलल्या नव्हत्या. मी बटणावरचं बोट काढून घेतलं. त्यांनी ती जाहिरात अगदी शेवटपर्यंत, टॉवरच्या फोन नंबरापर्यंत पाहिली.

मी आता पुन्हा ऑफिसला जाते, पण रविवारच्या दुपारी आम्ही दोघी गॅलरीत असतो. हल्ली आई स्वतःचा फोन बाजूला ठेवतात आणि माझा मागतात. एकेक चेहरा पुढे सरकवत मला विचारतात, ह्यो कोन, ही कोन. मी सांगते, हा सिनेमावाला, ही गाते, हा प्रवासाचे व्हिडिओ करतो. मागच्या रविवारी एक बाई आली, समुद्रकिनारी पांढऱ्या कपड्यांत, डोळे मिटून बसलेली. तिला मी कधी आणि का फॉलो केलं, काही आठवेना.

"ही तुजी कोन?" आईंनी विचारलं.

मी म्हटलं, कोणी नाही.

"मंग?"

मी तिला काढून टाकलं. आईंनी समाधानाने मान हलवली आणि अंगठ्याने पुढचा चेहरा आणला.