उतारावर मुका झालेला भोंगा

माझ्या वडिलांचं मेहकरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि लग्नाआधी निम्मं दुकान मीच चालवायचे. मिरवते म्हणा हवं तर! सासरी आले तर इथं एक जुनी जीप, तिच्यावर भोंगा, आत अ‍ॅम्प्लिफायर, आणि नवऱ्याचा धंदा गावोगाव जाहिरात पुकारत फिरण्याचा.

अ‍ॅम्प्लिफायर थेट बॅटरीला जोडलेला. काम झालं की तो बंद करायचा, पण हे हमखास विसरायचे. सकाळी बॅटरी उतरलेली, आणि अर्धी गल्ली जीपला धक्का मारायला. शेवटी मीच पक्कड हातात घेतली. बॅटरीपासून जाड तार आणली, मध्ये फ्यूज घातला, रिले, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारं बटण, बसवला आणि रिलेला जागं करणारी बारीक तार जीपच्या चावीला जोडली. चावी फिरवली की भोंगा चालू, चावी बंद की भोंगाही बंद. काम झकास झालं. पण कुणी विचारलं की हे सांगत, "खामगावच्या मिस्त्रीनं जोडलं." बायकोनं जोडलं म्हटलं तर गिऱ्हाईक पळेल, ही धास्ती. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा तंबूतल्या सिनेमाचे मालक यात्रांच्या हंगामाचं काम द्यायला तयार झाले. अट एकच, आधी डोणगावच्या बाजारात पुकारून दाखवा. शेठ पुढं बसले, मी मागं. ह्यांच्या एका हातात माइक, एका हातात स्टिअरिंग. बाजाराकडचा उतार लागला आणि भोंगा मुका झाला. हे आपले माइकमध्ये बोलतच राहिले.

माझ्या लगेच ध्यानात आलं. आमच्याकडचा कुठलाही ड्रायव्हर उतार दिसला की पेट्रोल वाचवायला चावी बंद करतो आणि गाडी सोडून देतो. हात आपोआपच जातो, ह्यांचाही गेला होता. मला हे आधी सुचलं नव्हतं. वडिलांच्या दुकानातले रेडिओ काही उतारावरून सुटत नव्हते.

शेठ वैतागले. "तुमच्या खामगावच्या मिस्त्रीले बोलवा, मंग पाहू."

ह्यांनी जीप बाजाराच्या तोंडाशी थांबवली. मी खाली उतरले.

"अहो, पक्कड द्या."

"अवं, सारा बाजार पाहून राह्यला न!"

"पाहू द्या."

पदर खोचला, पुढं वाकले आणि बारीक तार चावीवरून काढून समोरच्या लहान दिव्यांच्या बटणाला जोडली. ते दिवे चावीशिवायही लागतात. आता भोंगा चालू असेल तोवर भर दुपारीसुद्धा दिवे जळत राहणार, म्हणजे विसरायची सोयच नाही.

"चाबी बंदच राहू द्या," मी म्हटलं, "अन् बोला."

दिवे लागले. भोंगा खरखरला. शेठनी माझ्याकडं बोट करून विचारलं, "या कोण?"

ह्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा माइककडं पाहिलं. मग माइकच तोंडाशी धरला.

"ऐका हो! आज राती तंबूत सिनेमा! अन् हा भोंगा खामगावच्या मिस्त्रीनं नाही, माह्या बायकोनं जोडला हाय!"

बाजार हसला. भाजी निवडणाऱ्या बाया माना वर करून बघू लागल्या. शेठनी काम तिथंच ठरवलं, पण ते काय बोलले ते मी धड ऐकलंही नाही. माझं काम अख्ख्या बाजाराला माझं म्हणून ऐकू गेलं होतं, आणि माझी मान काही केल्या खाली होईना.