वहिनींचा बोर्ड

आमच्या भागात पाण्याच्या मोटारीच्या ऑटोचं नाव निघालं की लोक माझ्याकडे बोट दाखवतात आणि मी हसून विषय बदलतो. असा विषय बदलत बदलत म्हातारा झालो. त्या ऑटोच्या आतला बोर्ड माझा नव्हे. तो माझ्या थोरल्या वहिनींचा आहे.

राजुरीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतीची वीज रात्री-अपरात्री यायची, आणि उसात बिबट्या बसलेला असायचा. वीज आली की मोटार आपोआप चालू करणारी पेटी, म्हणजे ऑटो, सगळ्यांना हवी होती. तिच्यातलं सर्किट मला कळत होतं, पण बोर्ड घरीच करावा लागे. तांब्याचा थर असलेली पाटी घ्यायची, जिथून वीज जायची तिथे रंगाच्या रेघा काढायच्या आणि पाटी फेरिक नावाच्या रसायनाच्या पाण्यात हलवत बसायचं. उघडं तांबं विरघळतं, रंगाखालचं राहतं.

माझ्या रेघा फुगून एकमेकींना चिकटायच्या. त्यातून एक रेघ दुसरीला ओलांडू शकत नाही. तशी वेळ आली की वरून तारेचा तुकडा जोडायचा. त्याला जंपर म्हणतात. मोटारीच्या हादऱ्याने आधी तेच सुटायचे.

एकदा वहिनी ओसरीवर शेवया वळत होत्या. हात पुसून माझ्या कागदावर वाकल्या.

"हे काय वो भावजी, पाटावरनं पाट नेताय?"

"दुसरी वाटच नाही, वहिनी."

"कांद्याचं दारं कधी धरलं न्हाई वाटतं तुमी. वरच्या वाफ्याचं पाणी खालनं फिरवा की."

मग केरसुणीची काडी ऑइलपेंटात बुडवून त्यांनीच रेघ ओढली. शेवईसारखी बारीक, शेवटपर्यंत एका जाडीची. पुढच्या कितीतरी दुपारी त्या कागदाशी भांडत बसल्या. स्क्रूच्या भोकापाशी वाट अडली, तेव्हा म्हणाल्या, "ही बाभळ समजा. तिला वळसा घालून बांधाकडंनी काढते." आणि खरंच, एकही जंपर उरला नाही.

घमेल्यात काकवीच्या रंगाचं फेरिक उन्हात तापलं होतं. आम्ही आळीपाळीने घमेलं हलवत होतो. तांबं कडेकडेने नाहीसं होत गेलं. थिनरने रंग पुसला, तशा खालून त्यांच्या रेघा लखलखत वर आल्या. पुष्कळ यंत्रं उघडली मी जन्मात, पण इतकं नीटस काही कधी बघितलं नव्हतं. वहिनीही बघत राहिल्या.

"आता ह्यातनं वीज जाणार? मी काढल्या वाटंनं?"

"जाणार."

त्यांनी पदराने पाटी पुन्हा पुसली.

ते बोर्ड निमगाव सावापासून पार पेठपर्यंत गेले. वहिनींची बोटं फेरिकने कायमची पिवळी झाली. पुढे माझा मुलगा इंजिनिअरिंगला गेला आणि म्हणाला, "आप्पा, आता हे घरी कोण करतं? फाइल पाठवली की कारखाना बोर्ड घरपोच देतो." वहिनींचा बोर्ड समोर ठेवून तो कॉम्प्युटरवर रेघा घालू लागला आणि मध्येच थांबला.

"एकपण जंपर नाही. आप्पा, हे कुणी मांडलं?"

तशा कौतुकाच्या नजरेने त्याने माझ्याकडे आधी कधी बघितलं नव्हतं.

"मी," म्हणालो.

त्याने बोर्डाच्या कोपऱ्यात माझं नाव टाकलं.

पार्सल आलं. हिरवेगार, गुळगुळीत बोर्ड, सुईने पाडल्यासारखी भोकं. वहिनींनी एकावर एक ठेवून पाहिले.

"सगळे सारखेच? एकबी रेघ हालली न्हाई?" मग एक उन्हाकडे धरला. "अन् बाभळबी तशीच ठिवली की."

गोल वळणं तेवढी कोनात गेली होती. बाकी पाट त्यांचाच, जसाच्या तसा.

"ही पांढरी अक्षरं कसली?"

अक्षरं इंग्रजी होती. "कारखान्याचं नाव," मी म्हणालो.

"घ्या. पाट आपला अन् नाव कारखान्याचं." त्या हसल्या. मीही हसलो.

कितीतरी वर्षांनी एक नवा लॉट मागवताना, मुलाला न सांगता, मी कारखान्याकडून नाव बदलून घेतलं. मराठीत, वहिनींचं. बोर्ड घेऊन गेलो तेव्हा त्या अंथरुणाला खिळलेल्या, नजर गेलेली. शेजारी माझा मुलगा बसला होता. वहिनींनी बोर्ड हातात घेतला आणि नखाने रेघ चाचपत निघाल्या. त्या उंचवट्याचा माझ्या बोटाला पत्ता लागत नाही. कडेला वळसा आला तिथे थांबल्या.

"बाभळ," म्हणाल्या. "ह्यात नवं काय हाय, भावजी?"

मी मुलाकडे पाहिलं.

"काही नाही. नेहमीचाच."

पुढे महिन्याभरात वहिनी गेल्या.

वहिनी, नवं होतं. कोपऱ्यात तुमचं नाव होतं, आणि ते पहिल्या बोर्डापासून असायला हवं होतं. पोरानं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. मला माफ करा.