दोन हीटर, एकच सेटिंग

हीटरच्या सर्व्हिसिंगचं काम माझं; मिलनं बोलावलं म्हणून मी पोहोचलो तेव्हा हीटर हाऊसची पत्र्याची भिंत थरथरत होती. सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या या डाइंग मिलमध्ये दोन गॅस हीटर शेजारी शेजारी आहेत. ते तेल तापवतात आणि त्या अडीचशे अंशांच्या तेलावर कापड सुकवायची मशीन चालते. दोन्हींचा धूर एकाच चिमणीत जातो. घूंऽऽ असा आवाज येत होता, कानाआधी छातीत जाणवणारा.

मेंटेनन्स मॅनेजर ऑपरेटर हिंमतभाऊंवर बरसत होते. "डॅम्पर यानेच फिरवला असणार! एने आजे ज छूटो करी दो!" डॅम्पर म्हणजे हवेची झडप; आणि तेवढ्यासाठी हिंमतभाऊंना आजच कामावरून काढा, असं ते म्हणत होते.

"साहेब, मी हात बी लाया नही," हिंमतभाऊ म्हणाले. खानदेशातला माणूस, वीस वर्षं याच हीटरपाशी. चेहरा उतरलेला.

ज्योतीच्या उष्णतेनं कधी कधी आतली हवा हेलकावायला लागते. हवा हलली की ज्योत फडफडते, ज्योत फडफडली की हवा आणखी हलते. त्याचाच आवाज होतो. आणि दोन हीटर अगदी एकसारखे चालत असतील, तर एकाच चिमणीतून ते एकमेकांचा हेलकावा वाढवतात.

तेवढ्यात तेलाच्या पाइपच्या थरथरीनं सैल झालेल्या जोडातून थेंब पडला. चर्र झालं; आग लागायला एवढं पुरे होतं.

"एक हीटर बंद करा!" मी ओरडलो.

"नही थाय. मशीनमां कापड छे," मॅनेजर म्हणाले.

मी हिंमतभाऊंकडे वळलो. "आधी असं का होत नव्हतं?"

ते कचरले. "मी एकनी हवा जराशी जास्त ठेवस. मंग दोन्ही गप ऱ्हातस. मागला हप्तामा तुम्हीच दोन्हीस्नी सारखी करी दिन्ही."

खरंच होतं. सर्व्हिसिंगला आलो तेव्हा दोन्हींची हवा मीच काटेकोर जुळवली होती. वर 'गॅस वाया घालवता' म्हणून त्यांना ऐकवलंही होतं.

मी एक डॅम्पर थोडा उघडला. फरक नाही. हिंमतभाऊंनी माझा हात बाजूला केला आणि आणखी किंचित फिरवला. आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला, आणि हळूहळू बसला.

"जोयुं? एणे ज बगाडेलुं," मॅनेजर म्हणाले. यानेच बिघडवलं होतं म्हणून यालाच नीट करता आलं, असा त्यांचा अर्थ.

गप्प बसलो असतो तर खपून गेलं असतं. दोन क्षण बसलोही, त्याची आजही लाज वाटते. मग म्हटलं, "नाही. चूक माझी आहे." लॉगबुकात तसं लिहून सही केली.

हिंमतभाऊंची नोकरी राहिली. त्या मिलनं मला पुन्हा बोलावलं नाही.

आता सेटिंग बदलण्याआधी मी ऑपरेटरला विचारतो, हे असं का ठेवलंय? बहुतेक वेळा उत्तर 'कुणी पाहिलंच नाही' असं असतं. तरी विचारतो.