युसूफभाईंनी निवडलेला चाकू

युसूफभाई कुणाच्याही हातात चाकू देत नसत. धार लावून झाली की तो समोरच्या दुमडलेल्या गोणपाटावर ठेवायचा, मूठ गिऱ्हाइकाकडे करायची आणि म्हणायचं, "उचला." मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी केळीच्या एका व्यापाऱ्याने आपला कोयता घ्यायला हात पुढे केला होता. युसूफभाईंनी कोयता गोणपाटावर ठेवला. "हातात दे की," व्यापारी गुरकावला. "ठेवलाय. उचला." व्यापाऱ्याने वाकून त्यांच्या कानाखाली अशी वाजवली की चष्मा उडून फिरत्या चाकावर पडला आणि काचेचा चुरा झाला. युसूफभाईंनी चाक बंद केलं, ओठावरचं रक्त बाहीला पुसलं आणि पुन्हा गोणपाटाकडे बोट दाखवलं. व्यापाऱ्याने मुकाट्याने कोयता उचलला, पैसे टाकले आणि निघून गेला.

मागे मी विळी घेऊन उभा होतो. मला राग आला तो मारणाऱ्याचा नव्हे, मार खाणाऱ्याचा. "कोयता तुमच्यापुढेच होता. गप्प कसे बसलात?" मी विचारलं. त्यांनी मला चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून पाहिलं. "आपली विळी ठेवा तिथे," ते म्हणाले. मग बोथट पात्यावरून अंगठा फिरवून, "ही विळी आहे की सासूबाईंची आठवण?"

मार्केट यार्डाच्या बाहेरच्या रांगेत त्यांचा गाळा होता. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने श्वास बाहेर घ्यावा, एवढा. आम्ही विश्रांतवाडीला राहणारी चार कुटुंबं दर रविवारी कांदे-बटाटे घाऊक आणून वाटून घ्यायचो, आणि आणायची पाळी बहुतेक माझ्यावर यायची. मी यवतमाळकडचा, नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत. युसूफभाईंचं घराणं तीन पिढ्या पुण्यात. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं आणि हे ते मला विसरू देत नसत. मला ते 'इंजिनिअर' म्हणायचे, जरा जास्तच आदराने. डाव्या हाताची त्यांची दोन बोटं कधी सरळ होत नसत. चाकात गेली असतील, असं सगळे धरून चालायचे.

माझी आईसुद्धा मीठ-मिरची कुणाच्या हातावर देत नसे, भांडण होतं म्हणून. युसूफभाईंचं तेच असेल असं मला वाटलं. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "आपल्या आईंना नमस्कार सांगा." एवढंच.

चाकू विकत घ्यायला आलेल्याला त्यांचा एकच प्रश्न असे, "काय कापायचंय?" फुलवाला म्हणे देठ, हमाल म्हणे सुतळी, आणि त्याप्रमाणे पातं निघे. एकदा काळा गॉगल लावलेला एक जण आला आणि म्हणाला, जरा भारी दिसणारा मोठा चाकू दाखवा. "दिसायचंच असेल तर आरसा घ्या," युसूफभाई म्हणाले. "पलीकडच्या गल्लीत मिळतो." त्याने शिव्या घातल्या, फळीवरची अर्धी हत्यारं खाली लोटली. युसूफभाईंनी ती एकेक उचलून, पुसून परत लावली. सुरी विकल्याचा त्यांना जेवढा आनंद होई, तेवढाच न विकल्याचा होई, असं मला तेव्हापासून वाटू लागलं.

मी तापट. हे इथे सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. आमच्या गल्लीत बबन नावाचा टेम्पोवाला राहायचा. त्याचा टेम्पो आडवा उभा होता म्हणून मी त्याला बोललो, तो बोलला, मी त्याच्या आईवरून बोललो. त्याने सीटखालची सळई काढून माझ्या तोंडावर मारली. अंजली, माझी बायको, गाडीवर मागे बसलेली होती. एक दात जागेवर पडला, हनुवटीला सहा टाके आले. पोलीस चौकीत तक्रार करायला गेलो तर तिथे समजूत घालून दोघांनाही घरी पाठवलं. त्यानंतर रोज कामाला निघताना बबन कोपऱ्यावर दिसायचा आणि आपल्या पुढच्या दातावर बोटाने टिचकी मारायचा. रोज. मी कंपनीत बसून स्क्रीनकडे बघायचो आणि मनात त्याला मारायचो, वेगवेगळ्या प्रकारे.

त्यातच कंपनीने मला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं. तिथे एका दुकानात काचेखाली, घड्याळं मांडावीत तसे चाकू मांडले होते. पातं बाजूने उघडत नाही, मुठीच्या तोंडातून सरळ समोर येतं, असे. मी दोन घेतले. एकाचा खटका अंगठ्याने पुढे सारला की पातं बाहेर, मागे ओढला की आत. दुसऱ्याचं बटण दाबलं की पातं गोळीसारखं सुटायचं, पण परत आत घालायला ते हाताने ओढून ताणावं लागायचं. असं हत्यार आपल्याकडे खिशात बाळगणं कायद्यात बसत नाही हे मला ठाऊक होतं. मोठ्या बॅगेत पायमोज्यांच्या आत घालून दोन्ही आणले, आणि पहिल्याच रविवारी युसूफभाईंपुढे ठेवले. गोणपाटावर, अर्थात.

"रोज खिशात कुठला ठेवू?" मी विचारलं.

"काय कापायचंय?"

"तसं काही नाही. संरक्षणासाठी."

"म्हणजे माणूस," ते म्हणाले. "सरळ सांगावं. हे दुकान आहे, चौकी नाही."

त्यांनी दोन्ही चाकू कानाशी हलवून पाहिले, पातं आत खडखडतं का ते. वीस-वीस वेळा उघडले, मिटले. तोंडाच्या फटीत डोळा लावला. "खिशात धुरळा असतो, शेंगदाण्याची सालं असतात. सगळं या तोंडातून आत जाणार. रोज फुंकर मारा," असं म्हणत त्यांनी गोणपाटावर सुतळीचा तुकडा ताणून धरला आणि मला कापायला सांगितलं. मी कापला. ते माझ्या हाताकडे पाहतच नव्हते, तोंडाकडे पाहत होते. "सुतळी एकच होती, इंजिनिअर," ते म्हणाले. "आपण गोणपाटही कापलंत."

मग त्यांनी मला चहा सांगायला पाठवलं. परत आलो तेव्हा ते पहिल्या चाकूचं पातं चिमटीत धरून बाहेर ओढत होते. टक् असा बारीक आवाज आला. "काय झालं?" मी विचारलं. "काही नाही. बघत होतो." दुसरा चाकू त्यांनी आपल्या गल्ल्याखाली सारला आणि पहिला माझ्यापुढे ठेवला. "रोजच्याला हा. हलका आहे, एका हाताने उघडतो, एका हाताने मिटतो. दुसऱ्याची धार बरोबर नाही. लावून ठेवतो, राहू द्या." मला ते पटलं. इतक्या वर्षांचा कारागीर, तो काय चुकीचा सल्ला देणार?

तीन महिने तो चाकू माझ्या उजव्या खिशात होता. मी न्हाणीघरात उघडमिटीचा सराव करायचो. अंजली बाहेरून म्हणायची, "तो खटखट आवाज बंद कर, नाहीतर मी माहेरी जाते." मी बंद करत नव्हतो. खरं सांगायचं तर ते दिवस मला आवडत होते. बबनने दातावर टिचकी मारली की मी खिशात हात घालून हसायचो.

एका रविवारी सकाळी मी यार्डात जायला निघालो आणि त्याचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आडवा होता. मी हॉर्न वाजवला, वाजवतच राहिलो. बबन खाली उतरला. "काय रं, दुसरा बी पाडू का?" म्हणत त्याने माझी कॉलर धरली आणि मला गाडीवरून खेचलं. मी चाकूचं तोंड त्याच्या पोटाला, पट्ट्याच्या वर, घट्ट टेकवलं आणि अंगठ्याने खटका पुढे सारला. मला त्याला घाबरवायचं नव्हतं. मला पातं आत जायला हवं होतं. आजही ते मी दुसऱ्या शब्दांत सांगू शकत नाही.

खट् झालं, आणि पातं अडलं. नखभर बाहेर येऊन लुळं पडलं. मी पुन्हा खटका सारला. काही नाही. मी चाकू मागे घेऊन तसाच भोसकला, तर पातं मुकाट मुठीत परत गेलं. बबनने खाली पाहिलं. शर्टाला टाचणीएवढं भोक पडलं होतं आणि त्याभोवती रक्ताचा एक ठिपका. त्याचा चेहरा पांढरा झाला, आणि मग त्याने माझा अंगठा धरून उलटा मोडला. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मी पडल्यावर त्याने लाथा घातल्या, बरगड्यांवर, कानावर, तोंडावर. तोंडात माती आणि रक्त एक झालं होतं.

टेम्पोत त्याची म्हातारी आई बसलेली होती. तो तिला दवाखान्यात घेऊन निघाला होता. ती धडपडत खाली उतरली आणि त्याच्या पाठीला लोंबकळली. "आरं सोड त्याला, बबन. मरंल त्यो. कुणाचा तरी ल्योक हाय." तिने चाकू पाहिलाच नव्हता. बबन थांबला. एक हात शर्टाच्या भोकावर ठेवून त्याने दुसऱ्या हाताने आईला वर चढवलं आणि निघून गेला. मी डाव्या हाताने चाकू उचलला.

पुढच्या रविवारी प्लास्टरमधला हात घेऊन मी युसूफभाईंकडे गेलो. चाकू गोणपाटावर आदळला. "फसवलंत मला. ऐन वेळी अडला तुमचा चाकू."

त्यांनी चाक बंद केलं. चाकू उचलला, लुळं पातं चिमटीत धरून ओढलं. टक्. खटका मागे ओढला, आत. पुढे सारला, बाहेर. जसाच्या तसा.

"आपण चहा सांगायला गेलात तेव्हा पोत्याला टेकवून सहा वेळा सोडला होता," ते म्हणाले. "सहाही वेळा अडला. स्प्रिंग नाजूक आहे, समोर काही आलं की पातं तिच्यावरून निसटून लुळं पडतं. म्हणून हा दिला."

"आणि दुसरा?"

"दुसरा पहिल्याच फटक्यात पोत्यात चार बोटं गेला."

मी स्टुलावर बसलो. त्या दिवशी पहिल्यांदा ते आपणहून बोलले. धाकटा भाऊ होता, सलीम. यार्डातल्या एका हमालाशी त्याचं काहीतरी वाजलं होतं. त्याने चाकू मागितला. काय कापायचंय, हे विचारलं नाही. "दुकानातला सगळ्यात चांगला दिला. हातात दिला. भाऊ ना." सलीमने कांद्याच्या वजनकाट्यावर त्या हमालाला भोसकलं. युसूफभाई धावत गेले, दुसरा वार होताना त्यांनी पातं मुठीत पकडलं. दोन बोटांच्या शिरा तुटल्या, तिसरा वार तरीही झाला. हमाल काट्यावरच गेला. सलीम पुढे तुरुंगात गेला, तिथेच आजारी पडून वारला.

"चांगला चाकू होता," युसूफभाई म्हणाले. "अडला नाही."

मी तो चाकू तिथेच ठेवला. त्यांनी तो चाकावर धरला आणि ठिणग्या उडवत पातं घासून संपवलं, मुठीपर्यंत. मग मला म्हणाले, "विळी आणली नाहीत का आज?"

त्यानंतर चारेक वर्षं मी जात राहिलो. दुसऱ्या चाकूचं विचारलं की ते म्हणायचे, "धार लागतेय अजून." त्यांच्यावर माझा जीव जडला होता, हे मला ते गेल्यावर कळलं. फुप्फुसांत लोखंडाची धूळ साचली होती, असं त्यांची मुलगी नसीम म्हणाली. मी भेटायला गेलो तेव्हा ती गाळा आवरत होती. तिने कापडात गुंडाळलेली एक वस्तू आणून गोणपाटावर ठेवली. "उचला," ती म्हणाली. "अब्बांनी इंजिनिअर लिहून ठेवलंय वर. रोज घरी जाताना थोडा थोडा घासायचे."

मी बटण दाबलं. पातं पूर्वीच्याच जोराने सुटलं. पण टोक नव्हतं, धार नव्हती. चमच्याच्या दांडीसारखं गोल, गुळगुळीत.

तो खिशात घालून मी परत आलो तेव्हा बबनची आई दारात मेथी निवडत बसली होती. मला पाहून तिने नेहमीसारखं विचारलं, "अंगठा वळतो का रं आता?"

"नाही, आजी."

"बबन्याचा हातच लई वाईट. तुला एवढं मारलं, का त्ये बी सांगत न्हाई. मला लई वाईट वाटतं बघ."

म्हणजे त्याने तिला कधीच सांगितलं नव्हतं. मीही नाही. तिच्या मुलाच्या पोटाला चाकू लावून मी दोनदा खटका सारला, आणि तो जिवंत आहे तो माझ्यामुळे नव्हे, हे मी तिला तेव्हाही सांगू शकलो नाही. मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो आणि डाव्या हाताने मेथी निवडू लागलो.