घोडेवाले अण्णा

अण्णा बाकावर बसण्याआधी बाक ओढून बघायचे. हडपसरला ट्रकतळाच्या फाटकाशी माझी चहाची टपरी होती, तिथला तो बाक. वर्षानुवर्षं तोच, तरी रोज ओढायचे.

"अहो अण्णा, कालच बसला होतात की यावर."

"काल धरला त्यानं, ताई. आज धरेल कशावरून?"

ही सवय ट्रेलरची. पुढं इंजिन आणि केबिन असते, तिला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात. मागं मालाचा लांबलचक ट्रेलर. घोडा ट्रेलरखाली मागं घेतला की खटका पडतो आणि दोन्ही जोडले जातात. अण्णांचा खटक्याच्या आवाजावर विश्वास नव्हता. ट्रेलरचा ब्रेक लावून घोडा पुढं ओढायचे. सुटला नाही, तरच रस्त्याला लागायचे.

त्याआधी ते साधा ट्रक चालवायचे. माल उतरायला दोन दिवस लागले तर ट्रक दोन दिवस उभा आणि ड्रायव्हर माझ्या बाकावर आडवा. मग घोडे आले. भरलेला ट्रेलर सोडायचा, दुसरा जोडायचा, निघायचं. अण्णांना त्याचं फार कौतुक. "पूर्वी माल उतरेपर्यंत आम्ही बसायचो. आता माल बसतो, आम्ही पळतो." माझ्याकडं दिवसाला सहा कप पिणारा माणूस एका कपावर आला, हे मी तोंडावर सांगितलं. म्हणाले, "मग चहालाही चाकं लावा."

ट्रेलर सोडताना आधी त्याचे लोखंडी पाय हँडल फिरवून जमिनीला टेकवावे लागतात. नाहीतर घोडा निघताच तो तोंडावर आपटतो. कुणी ते विसरला की अण्णा त्याला चार लोकांत सोलायचे. "पाय विसरणारा बायकोलाही स्टँडवर विसरेल."

एका दुपारी धाडकन आवाज आला. माझ्या बरण्या हलल्या. तळात अण्णांचाच ट्रेलर तोंडावर पडला होता. खाली कुणी नव्हतं, एवढंच बरं. मी फाटकातून विचारलं, "काय अण्णा, वहिनी घरीच आहेत ना?"

ते हसले नाहीत.

मालक आला. माणूस सांभाळून घेणारा. म्हणाला, "पावसानं जमीन मऊ झालीय. पाय रुतले म्हणू."

"रुतायला खाली कुठं होते?" अण्णा म्हणाले. "मी टाकलेच नाहीत. यंदा तिसऱ्यांदा विसरलो. आधी दोनदा घोडा हलवायच्या आत आठवलं, म्हणून तुम्हाला कळलं नाही." खिशातून चावी काढून त्यांनी मालकाच्या हातात ठेवली.

मालक गेल्यावर मी त्यांना बोलले. तो झाकत होता, तुम्ही कशाला उघडं केलंत? एवढं एकच तर काम येतं तुम्हाला.

"खाली माणूस असता, तर त्याला कशानं झाकलं असतं, ताई?"

 

दोन दिवसांनी ते कायमचे बार्शीला, गावी निघाले. त्यानंतर आमची गाठ नाही. निघताना हातात पिशवी घेऊन टपरीवर आले आणि बाकावर सरळ बसले. सवयीनं माझंच तोंड उघडलं, "अण्णा, बाक ओढून बघा की."

"असू द्या," म्हणाले. "आता पडलो तर एकटा मीच पडेन. दोन कप द्या, आज बसून पितो."